लिनक्सवर ओटीटी पुन्हा पुन्हा बंद पडतं: काळ्या पडद्यामागची कारणं आणि उपाय

लिनक्स टाकलेल्या संगणकावर यूट्यूब छान चालतं, बातम्या दिसतात, वीजबिल भरलं जातं, मराठी टायपिंगही होतं. रात्री जेवणं आटपून मालिका किंवा नाटक लावायला घेतलं की मात्र पडदा काळा, नाहीतर इंग्रजीत एक ओळ येते की हा व्हिडिओ या उपकरणावर चालणार नाही. सांगलीत ओळखीपाळखीतून मला जे फोन येतात त्यांत हा फोन सगळ्यांत जास्त. त्यातही एकदा चालू करून दिलं की संपलं, असं होत नाही. काही महिन्यांनी त्याच घरातून तोच फोन परत येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत कितीतरी घरांतली धडधाकट यंत्रं जुनी ठरली. त्यांवर मिंट किंवा उबुंटू असं एखादं लिनक्स टाकलं तर ती अजून काही वर्षं आरामात चालतात, आणि ती तशी चालवावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच केवळ रात्रीची मालिका दिसेना म्हणून “ते विंडोजच परत टाक बघू” असं घरचे म्हणतात तेव्हा जीव हळहळतो. बहुतेक वेळा दोष थोड्या वेळात निघण्यासारखा असतो. अडचण एवढीच की पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी पडदा एकसारखाच काळा होतो, आणि कारण न शोधता नेटवर दिसेल तो उपाय केला तर चालणारं यंत्रही बिघडतं.

पुढचं सगळं लिनक्स मिंट समोर धरून लिहिलं आहे. उबुंटूवर जवळपास तेच आहे, फेडोरासारख्या डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या इतर प्रकारांवर) जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

संगणकाला हात लावण्याआधी प्लॅन बघा

रिचार्जसोबत मिळालेलं ओटीटी सदस्यत्व पुष्कळदा फक्त मोबाइलपुरतं असतं. मिरजेच्या एका मावशींकडे अर्धा तास ब्राउझर तपासण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात विचारलं, “मावशी, प्लॅन कुठला घेतलाय?” त्या म्हणाल्या, “प्लॅन कुठला घेतोय बाबा, रिचार्ज मारला तर त्याच्यावर फुकट मिळालं.” तिथेच उलगडा झाला. असा प्लॅन विंडोजवरही चालत नाही आणि मॅकवरही नाही. नेटफ्लिक्सनंसुद्धा २०१९ मध्ये भारतात फक्त फोन आणि टॅबलेटवर चालणारा स्वस्त प्लॅन आणला होता. तेव्हा खात्याच्या पानावर जाऊन प्लॅनमध्ये संगणक किंवा वेब ब्राउझर आहे का ते वाचा. नसेल तर पुढचं काहीच करायची गरज नाही.

एकाच वेळी किती उपकरणांवर बघता येतं याचीही मर्यादा असते. पुण्याला शिकणारा मुलगा त्याच खात्यावर काही बघत बसलेला असतो आणि इकडे दोष लिनक्सवर येतो. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून बघा.

कुलूप कसं उघडतं

एवढं समजून घेतलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. ओटीटीवरचा चित्रपट आपल्यापर्यंत कुलूपबंद येतो. ब्राउझर सेवेच्या सर्व्हरकडे किल्ली मागतो. सर्व्हर आपलं खातं बघतो, आणि ब्राउझरमधला जो भाग कुलूप उघडणार आहे त्याचीही ओळख तपासतो. पटलं तर किल्ली येते, नाही पटलं तर काळा पडदा.

कुलूप उघडणाऱ्या या भागाचं नाव वाइडवाइन. तो बनवणारी त्याच नावाची कंपनी गूगलनं २०१० मध्ये विकत घेतली. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही हाच भाग वापरतात. त्याचा सोर्स कोड खुला नाही. लिनक्सची बाकी सगळी यंत्रणा खुली आणि मधोमध हा एक बंद तुकडा, म्हणून बहुतेक डिस्ट्रो तो आपल्यासोबत देत नाहीत. तो आपल्याला किंवा आपल्या ब्राउझरला वेगळा आणावा लागतो. आपल्या तक्रारींतला निम्मा भाग इथेच जन्मतो.

वेबपानानं अशा कुलपाशी कसं बोलायचं याचं मानक डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं, आणि त्याच्या निषेधार्थ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेनं त्या संस्थेचं सदस्यत्व सोडलं. त्यांचा आक्षेप मला आजही पटतो. ज्याचा कोड कुणाला तपासता येत नाही असा तुकडा आपल्या यंत्रात ठेवायचा, आणि पैसे भरूनही तो म्हणेल तेवढंच बघायचं, हे खुल्या व्यवस्थेच्या स्वभावात बसणारं नाही. तरी आधीची स्थिती याहून बिकट होती. त्या काळी परदेशात नेटफ्लिक्सला सिल्व्हरलाइट हे मायक्रोसॉफ्टचं प्लगइन लागायचं, ते लिनक्सवर नव्हतंच. लोक वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या) आधारानं पाइपलाइट नावाची जोडणी करून कसंबसं बघत. २०१४ मध्ये क्रोमवर सरळ चालू लागलं, आणि २०१६ मध्ये ४९ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरच्या फायरफॉक्सलाही वाइडवाइन मिळालं. फायरफॉक्स हा तुकडा बंदिस्त सँडबॉक्समध्ये चालवतो, म्हणजे आपल्या फायलींपर्यंत त्याचा हात पोचू देत नाही. ज्यांना तो मुळीच नको त्यांनी तो नाकारावा, त्यांचा निर्णय योग्यच आहे. ज्यांना घरच्यांसाठी तो हवा आहे त्यांनी पुढे वाचा.

यूट्यूब चालतं यावरून काही ठरवू नका

“यूट्यूब चालतंय की, मग व्हिडिओचा दोष कसा असेल?” हे वाक्य हमखास ऐकू येतं. यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ कुलूपबंद नसतात. शिवाय यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या खुल्या स्वरूपांत चित्र पाठवतं, आणि ती उलगडायला वेगळं काही बसवावं लागत नाही. ओटीटीवर मात्र एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज फार वापरात आहेत. त्यांचे कोडेक, म्हणजे ती स्वरूपं उलगडणारे भाग, काही डिस्ट्रोंत सुरुवातीला नसतात. म्हणजे यूट्यूब चाललं तरी कोडेक आहेत असंही सिद्ध होत नाही आणि कुलूप उघडतंय असंही नाही.

म्हणून परीक्षा वेगळी घ्या. फोननं काढलेला एखादा साधा एमपी४ व्हिडिओ त्याच ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाका. तो चालला नाही किंवा नुसता आवाज आला तर दोष कोडेकचा. तो चालला आणि ओटीटी चाललं नाही तर दोष कुलपाचा. कुलपाची पक्की खात्री करायची असेल तर बिटमूव्हिन कंपनीचं डीआरएम (म्हणजे हेच कुलूप) चाचणीचं पान आहे, ते शोधून उघडा. तुमच्या ब्राउझरला कुठलं कुलूप उघडता येतं ते तिथे लिहून येतं आणि कुलूपबंद नमुना व्हिडिओ लावूनही बघता येतो. तिथे नमुना चालला आणि तुमच्या सेवेवर चाललं नाही, तर यंत्र ठीक आहे. मग अडचण त्या सेवेच्या बाजूला, खात्यात किंवा ब्राउझरमधल्या कुकीत शोधायची.

कोडेकचा दोष निघाला तर मिंटमध्ये मुख्य मेनूत साउंड अँड व्हिडिओ या गटात ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ असतं, ते चालवा. सिस्टिम बसवताना त्याची टिक राहून गेलेली असते. उबुंटूवर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचं पॅकेज आहे. फेडोरावर आरपीएम फ्यूजन आणि ओपनसुसेवर पॅकमन या वेगळ्या भांडारांतून कोडेक आणावे लागतात. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

ब्राउझर कुठला आहे

नावं सारखी असल्यानं इथे फार गोंधळ होतो. क्रोम आणि क्रोमियम एक नव्हेत. गूगलच्या साइटवरून घेतलेल्या क्रोममध्ये वाइडवाइन आधीच असतं. डिस्ट्रोच्या भांडारातून घेतलेल्या क्रोमियममध्ये ते सहसा नसतं. चिन्ह जवळजवळ तेच, फक्त निळं. त्यामुळे “क्रोम आहे की माझ्याकडे” असं कुणी म्हटलं तर चिन्हाचा रंग विचारा. ब्रेव्ह पहिल्यांदा कुलूपबंद व्हिडिओ लागला की वाइडवाइन बसवू का असं विचारतो, आणि घाईघाईत ‘नाही’ म्हटलेलं असलं तर सेटिंग्जमधल्या एक्स्टेन्शन्सच्या पानावर ते पुन्हा चालू करता येतं. लिब्रवुल्फमध्ये ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. टॉर ब्राउझरवर ओटीटीचा नाद सोडा.

फायरफॉक्सचा दोष मी सगळ्यांत जास्त वेळा बघितला आहे, कारण मिंटमध्ये तोच आधी मिळतो. उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल, आणि खाली सरकत गेलं की ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ असा भाग येतो. त्यात ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ समोर टिक हवी. नेटफ्लिक्सवर एफ७७०१-१००३ असा कोड दिसला तर पहिला संशय याच टिकेवर घ्यायचा.

टिक केल्याकेल्या चित्र दिसेल असं नाही. टिक केल्यावर फायरफॉक्स वाइडवाइन उतरवायला घेतो, आणि तोवर वर एक पट्टी दाखवतो की आवश्यक भाग बसवला जात आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. ती पट्टी खरं बोलते. लोक दोनदा रिफ्रेश करतात, चालत नाही म्हणतात आणि टिक काढून टाकतात. चहा करून या, मग ब्राउझर बंद करून उघडा. उतरलं की नाही ते बघायला मेनूतून अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स उघडा, डावीकडे प्लगइन्स. तिथे वाइडवाइनचं नाव आणि त्याच्यासमोर ‘ऑलवेज अ‍ॅक्टिव्हेट’ असायला हवं. तिथल्याच दातेरी चक्राच्या चिन्हातून अपडेट तपासता येतं.

नाव आहे, चालू आहे, तरी पडदा काळाच, असं असेल तर उतरलेली फाइल अर्धवट असण्याचा संभव असतो. आमच्याकडे उतरवतानाच वीज गेली किंवा वायफायचा राउटर बंद पडला की हे घडतं. मेनूतल्या हेल्पमध्ये ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ आहे. त्या पानावर प्रोफाइल डिरेक्टरी उघडायचं बटण आहे. ते दाबून फोल्डर उघडून ठेवा आणि मग फायरफॉक्स बंद करा. त्या फोल्डरमध्ये ‘जीएमपी-वाइडवाइनसीडीएम’ नावाचं एक फोल्डर असतं, तेवढंच काढून टाका. त्याच्या शेजारी तुमचे पासवर्ड आणि बुकमार्क ठेवलेले असतात, त्यांना हात लावू नका. फायरफॉक्स पुन्हा उघडला की तो वाइडवाइन नव्यानं उतरवतो.

होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवून त्याला ‘नोएक्झेक’ लावलेलं असेल तर हे किती वेळा केलं तरी चालणार नाही, कारण त्या पार्टिशनवरून चालवण्याजोगी कुठलीच फाइल उघडत नाही. घरच्या यंत्रात हे क्वचित दिसतं, सुरक्षेच्या हौसेनं कुणी सेटिंग केलेलं असेल तरच.

क्रोममध्ये अ‍ॅड्रेसच्या जागी ‘क्रोम’, मग अपूर्णविराम (:) आणि दोन तिरक्या रेघा (//) देऊन ‘कॉम्पोनंट्स’ लिहिलं की घटकांची यादी येते. वाइडवाइन कन्टेंट डिक्रिप्शन मॉड्यूल शोधा आणि अपडेट तपासण्याचं बटण दाबा. आवृत्ती चार शून्यांची दिसली तर ते उतरलेलंच नाही असं समजा. नेटफ्लिक्सचा एम७७०१-१००३ हा कोड याच भागाकडे बोट दाखवतो.

“गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं”

पुन्हा पुन्हा येणाऱ्या फोनाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाइडवाइन एकदा बसवून विसरून जाण्याची गोष्ट नाही. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत कुठे फट सापडली की नवी आवृत्ती येते आणि काही काळानं जुनी बाद केली जाते. बाद झालेल्या आवृत्तीला सर्व्हर किल्ली देत नाही. आपण काहीही बदललेलं नसतं, आणि काहीही न बदलणं हेच इथे अडचणीचं ठरतं. आदल्या आठवड्यात नाटक दिसलेलं असतं आणि या आठवड्यात दिसत नाही. विश्रामबागेतल्या एका निवृत्त गुरुजींकडे हे दर काही महिन्यांनी व्हायचं. ते नाटकवेडे, नाट्यपंढरीतले, रविवारी दुपारी नाटकाचं रेकॉर्डिंग लावणार म्हणजे लावणार. अपडेट मॅनेजरचं ढालीचं चिन्ह दिसलं की ते मात्र बंद करायचे, “उगाच काहीतरी बदलतं आणि सगळं हरवतं” म्हणून. विंडोजनं भर कामात रिस्टार्ट मारून त्यांना ती धास्ती बसवलेली. मी त्यांना म्हटलं, “गुरुजी, तुम्ही अपडेट थांबवलं की किल्ली जुनी होते. दर रविवारी नाटकाच्या आधी ढालीवर क्लिक करा, पासवर्ड द्या आणि होऊ द्या.” तेव्हापासून त्यांचा या कामासाठी फोन नाही.

मिंटमध्ये हे आपोआपही होऊ देता येतं. अपडेट मॅनेजर, एडिट, प्रेफरन्सेस, ऑटोमेशन, आणि ‘अप्लाय अपडेट्स ऑटोमॅटिकली’. ज्या घरात संगणक सांभाळणारं कुणी नाही तिथे मी हे चालू करूनच देतो, आणि त्याआधी टाइमशिफ्ट लावून ठेवतो, म्हणजे काही बिघडलं तर मागच्या दिवसावर परतता येतं.

क्रोमची यात एक गंमत नाही पण एक खोच आहे. अपडेट झालं तरी उघडी असलेली क्रोमची खिडकी जुन्याच आवृत्तीवर चालत राहते. संगणक झोपवून ठेवायचा आणि ब्राउझर कधीच बंद करायचा नाही, अशी सवय पुष्कळांना आहे. मग फाइल नवी आणि चालणारा ब्राउझर जुना. सगळ्या खिडक्या बंद करून नव्यानं उघडणं हा यावरचा पुरा उपाय आहे.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्ट्रोच मुदत संपलेली असते. मिंट २० मालिकेचा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला. त्या यंत्रावर अपडेटचं बटण कितीही दाबलं तरी भांडारात नवं काही येत नाही. मिंट २१ ला २०२७ पर्यंत आणि २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. मेनूतून सिस्टिम इन्फो उघडून आकडा बघा आणि जुना असेल तर आधी सिस्टिम वर न्या, ओटीटीचं नंतर बघा.

तिसरा प्रकार ३२ बिटचा. फार जुन्या यंत्रांवर कुणीतरी कधीकाळी ३२ बिट लिनक्स टाकून दिलेलं असतं. गूगलनं ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम देणं २०१६ मध्येच बंद केलं, आणि फायरफॉक्सनंही १४४ व्या आवृत्तीनंतर ते थांबवलं. त्याच सिस्टिम इन्फोमध्ये प्रोसेसरचं नाव असतं. तो ६४ बिट असेल, आणि बहुतेक वेळा असतो, तर ६४ बिट मिंट नव्यानं टाका. प्रोसेसरच ३२ बिट असेल तर त्या यंत्रावर ओटीटीचा हट्ट धरू नका. लिहिण्या-वाचण्याला ते अजूनही उत्तम आहे.

घड्याळ साडेपाच तास पुढे

किल्लीला मुदत असते आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रालाही असते. संगणकाचं घड्याळ चुकलं की दोन्हींचा हिशेब चुकतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला असतो. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे. सेल कुठल्याही घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, बदलायला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

दुसरं कारण ओळखायला सोपं आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स त्याच आकड्याला जागतिक वेळ समजतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे दिसतं. नेट जोडलं की ते बहुधा आपसूक सुधारतं, पण त्यासाठी डेट अँड टाइममध्ये ‘नेटवर्क टाइम’ चालू हवं. कायमचा निकाल लावायचा तर टर्मिनलमधल्या टाइमडेटसीटीएल या कमांडला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय आणि पुढे १ द्या. मग लिनक्सही आतल्या घड्याळाला स्थानिक वेळ मानतं.

आवाज येतो, चित्र नाही. किंवा चित्र अडखळतं

संवाद ऐकू येतात आणि चित्राच्या जागी काळं किंवा हिरवं, तर किल्ली बहुधा मिळालेली आहे. इथे संशय ग्राफिक्सवर घ्या. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये शिफारस केलेला ड्रायव्हर लावा. लॉगिनच्या पडद्यावर वेलँड आणि एक्स११ असे (पडद्यावर चित्र काढण्याच्या दोन पद्धतींचे) पर्याय असतील तर सध्याचा सोडून दुसरा निवडून लॉगिन करून बघा.

अडखळण्याचं कारण वेगळं. लिनक्सवर वाइडवाइन कुलूप उघडण्याचं आणि चित्र उलगडण्याचं काम प्रोसेसरवरच करतं, ग्राफिक्स कार्डाची मदत त्यात बहुधा घेतली जात नाही. त्यामुळे तोच लॅपटॉप यूट्यूबवर शांत असतो आणि ओटीटीवर तापतो, पंखा घोंघावतो. जुन्या दोन कोअरच्या यंत्रावर प्लेअरमधून चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा आणि बाकीचे टॅब बंद करा. दुसरा खरा उपाय नाही.

चित्र अंधूक का दिसतं

हा दोष नाही, ही मर्यादा आहे, आणि ती आधीच माहीत असली तर कित्येक संध्याकाळी वाचतात. वाइडवाइनच्या सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. एल१ मध्ये कुलूप उघडण्याचं सगळं काम यंत्राच्या आतल्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये होतं. एल३ मध्ये ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. डेस्कटॉप लिनक्सवर आपल्याला एल३ मिळतं. एल३ ला किती दर्जाचं चित्र द्यायचं ते सेवा आणि चित्रपटाचे हक्कदार ठरवतात. कुणी ७२० ओळींचं देतं, कुणी त्याहूनही खालचं. फोरके मिळत नाही.

जुन्या लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा १३६६ बाय ७६८ असतो. त्यावर १२८० बाय ७२० चं चित्र जवळजवळ पूर्ण क्षमतेचंच दिसतं, तिथे आपण काही गमावत नाही. तोच लॅपटॉप एचडीएमआयनं मोठ्या टीव्हीला जोडला की चेहरे अंधूक होतात आणि तक्रार सुरू होते. टीव्हीवरच बघायचं असेल तर टीव्हीतलं अ‍ॅप किंवा एल१ असलेली टीव्ही स्टिक वापरा, लिनक्सला त्या कामाला जुंपू नका. स्टिक घेताना डब्यावर किंवा माहितीत वाइडवाइन एल१ लिहिलंय का ते बघून घ्या.

दर्जा वाढवून देण्याचा दावा करणारी एक्स्टेन्शन आणि टर्मिनलमध्ये चिकटवायच्या स्क्रिप्ट नेटवर सापडतात. त्यांच्यापासून लांब राहा, हे मी कळकळीनं सांगतो. त्या एक्स्टेन्शनला तुम्ही ओटीटीच्या पानावरचं सगळं वाचण्याची परवानगी देता, आणि सेवेनं एक बदल केला की ती बंद पडतात. अनोळखी स्क्रिप्टला पासवर्ड देऊन चालवणं म्हणजे पूर्ण यंत्र परक्याच्या हाती देणं. ब्राउझरला ‘मी विंडोज आहे’ असं खोटं सांगायला लावणं हा उपाय एका ठिकाणीच चालतो: जिथे साइट नुसतं नाव वाचून दारातूनच परत पाठवते तिथे. किल्ली देताना मात्र सर्व्हर वाइडवाइनचीच ओळख तपासतो, त्यामुळे दर्जा यानं वाढत नाही. उलट इतर साइट चुकीची पानं दाखवू लागतात, म्हणून प्रयोग करून झाला की ते सेटिंग परत जागेवर आणा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बघणाऱ्यांसाठी एवढंच: रास्पबेरी पाय ओएसच्या भांडारात वाइडवाइनचं वेगळं पॅकेज २०२१ पासून आहे, ते बसवलं की तिथल्या क्रोमियमवर चालतं.

तरीही चाललं नाही तर

ब्राउझरमध्ये एक नवा प्रोफाइल करून, एकही एक्स्टेन्शन न टाकता त्यात लॉगिन करून बघा. चाललं तर जुन्या प्रोफाइलमधलं जाहिरात रोखणारं किंवा प्रायव्हसीचं एखादं एक्स्टेन्शन आड येतंय. एकेक बंद करत शोधा.

नाहीच चाललं तर मदत मागताना नुसतं “चालत नाही” लिहू नका. डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, पडद्यावरचा एरर कोड अक्षर न अक्षर, आणि चाचणीच्या पानावर नमुना चालला की नाही, एवढं लिहिलं तर समोरचा माणूस पहिल्याच उत्तरात कामाचं सांगू शकतो. आणि चाचणीचं पान चालत असूनही तुमची सेवा लिनक्सला दारात अडवत असेल, तर त्या सेवेच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार जरूर करा. तिकडून पहिलं उत्तर ‘कुकी साफ करा’ असंच येतं. कुकी साफ करून पुन्हा लिहा, सोबत चाचणीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा, आणि तुम्ही पैसे भरणारे ग्राहक आहात, लिनक्सवर बघता, हे स्पष्ट शब्दांत सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. तोच दोष पुढच्या महिन्यात परत आला तर त्याच क्रमांकावर पुढे लिहायचं, नवी तक्रार काढायची नाही.